मिकी ग्रँट : अभिनेत्री, नाटककार, गीतकार – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या बड्या व्यावसायिक रंगभूमीच्या, संगीतिका आवडीने ऐकणाऱ्या मराठी मंडळींना सॉण्डहाइम, वेबर, श्वार्त्झ ही नावं तोंडपाठ असतात. मिकी ग्रँट म्हटलं की मात्र पुढचा प्रश्न हमखास येतो, 'कोण?' मग एकातून दुसरा प्रश्न निघत जातो. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. काही गोष्टी एका ओळीत संपतात आणि काहींवर थांबावंच लागतं.

मिकी ग्रँट कोण होत्या? थोडक्यात सांगा.

शिकागोत जन्मलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकन कलावती. रंगमंचावर आणि टीव्हीवर अभिनय करत असतानाच त्यांनी संगीतिका लिहिल्या. काहींत संवाद-संहिता, गीतं आणि चाली, तिन्ही स्वतःच्या. १९७२ साली ब्रॉडवेवर आलेली त्यांची 'डोन्ट बॉदर मी, आय कान्ट कोप' एक हजारावर प्रयोग चालली. नावाचा भावार्थ साधारण असा, 'डोकं नका खाऊ, झेपत नाहीये आता.' ऑगस्ट २०२१ मध्ये, वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

जन्मसाल १९२९ की १९४१?

१९२९. तारीख ३० जून. जुन्या काही संदर्भांत १९४१ छापलेलं आढळतं. नटीचं वय बारा वर्षांनी कमी लागणं ही काही फक्त अमेरिकेची गोष्ट नव्हे.

हेच त्यांचं खरं नाव का?

जन्मनाव मिनी लुईज पर्किन्स. वडील केशकर्तनाचं काम करायचे आणि संगीत स्वतःचं स्वतः शिकले होते. घरात वाद्य होतं, लहानपणापासून कविता लिहिणं होतं आणि तंतुवाद्याचं शिक्षणही झालं होतं. रंगमंचावर पहिलं पाऊल पडलं ते वस्तीतल्या समाजकेंद्रातल्या एका बालनाटिकेत. भूमिका होती वसंत ऋतूची. फुलांना हात लावायचा आणि ती जिवंत करायची. पुढे इलिनॉय विद्यापीठात शिक्षण सुरू झालं, पण नाटकाच्या ओढीने ते अर्ध्यावर सुटलं. पदवी त्यांनी पूर्ण केली ती बऱ्याच वर्षांनी, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या लीमन कॉलेजातून. तोवर नाव, पुरस्कार सगळं पदरात होतं, तरी परीक्षा दिल्याच.

आधी अभिनेत्री होत्या आणि मग लेखिका झाल्या, असं म्हणणं बरोबर आहे?

लोक असंच म्हणतात आणि विकिपीडिया-छाप परिचयांतही हेच वाक्य असतं. मला ते अर्धवट वाटतं. 'मग झाल्या' म्हटलं की अभिनय सोडून लेखनाकडे वळल्या असं चित्र उभं राहतं. ग्रँट यांनी अभिनय कधीच सोडला नाही. सत्तरीच्या उंबरठ्यावरसुद्धा त्या दौऱ्यावर नाटक करत होत्या. उलट बाजूने पाहिलं तर गाणी त्या ब्रॉडवेवर पाऊल ठेवण्याच्या आधीपासून लिहीत होत्या. त्यांचं लिहिणं रंगमंचावर उभं राहूनच झालं, आणि ते गाण्यांमध्ये ऐकू येतं. पुढे त्याबद्दल सविस्तर आहेच.

ते गुलाबी नाड्यांचं गाणं खरंच त्यांचं?

हो. 'पिंक शू लेसेस'. डोडी स्टीव्हन्स नावाच्या जेमतेम तेरा वर्षांच्या मुलीने ते गायलं आणि १९५९ मध्ये ते अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. एका मुलीचा मित्र आहे, तपकिरी बूट, त्यांना गुलाबी नाड्या, ठिपक्यांचं जाकीट, असा एकंदर नमुना. गाणं अगदी हलकंफुलकं, शाळेच्या गॅदरिंगला शोभेल असं. वर्णद्वेषाच्या विरोधात गाणाऱ्या लेखिकेची सुरुवात शोधायला गेलेल्या अभ्यासकांना ते जरा अडचणीचं वाटतं, म्हणून ते पटकन पुढे सरकतात.

पण गाणं कान देऊन ऐका. त्यात एक माणूस कपड्यांवरून उभा केला आहे. विशेषणं नाहीत, नुसते बूट, नाड्या, जाकीट आणि टोपी. कपडेपटात उभं राहून भूमिका शोधणाऱ्या नटीची ही सवय आहे. हीच सवय वीस वर्षांनी 'वर्किंग' या संगीतिकेत फार मोठं काम करते.

न्यूयॉर्कला कशा पोचल्या?

'फ्लाय ब्लॅकबर्ड' या संगीतिकेमुळे. नागरी हक्कांच्या चळवळीतल्या तरुणांवरची ही संगीतिका सी. बर्नार्ड जॅक्सन आणि जेम्स हॅच यांनी लिहिली. आधी लॉस एंजेलिसमध्ये झाली, १९६२ मध्ये न्यूयॉर्कला ऑफ-ब्रॉडवेवर, म्हणजे तिथल्या छोट्या नाट्यगृहांत, आली आणि तिला ऑफ-ब्रॉडवेचा मानाचा ओबी पुरस्कार मिळाला. ग्रँट त्यात होत्या. पुढच्याच वर्षी कृष्णवर्णीय कवी लँग्स्टन ह्यूज यांच्या 'टँबरिन्स टू ग्लोरी'मधून ब्रॉडवेवर पदार्पण झालं. प्रयोग झाले अवघे चोवीस. १९६४ मध्ये मार्क ब्लिट्झस्टाइन यांच्या 'द क्रेडल विल रॉक'च्या पुनरुज्जीवनात काम केलं. ती कामगार चळवळीवरची गाजलेली संगीतिका.

या तीन नाटकांची नावं नुसती यादी म्हणून वाचू नका. चळवळीचं नाटक, चर्चमधल्या गॉस्पेल संगीताचं नाटक आणि कामगारांचं नाटक. ग्रँट यांनी पुढे जे लिहिलं त्याची शाळा इथेच झाली, तीही दुसऱ्याचे शब्द रोज रात्री स्वतःच्या तोंडून म्हणत.

टीव्हीवर त्या काय करत होत्या?

एनबीसी वाहिनीच्या 'अनदर वर्ल्ड' या दैनंदिन मालिकेत पेगी नोलन ही भूमिका. साठच्या दशकाच्या मध्यापासून साधारण सात वर्षं. दुपारच्या मालिकांत करारबद्ध होऊन सलग काम करणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय अभिनेत्री म्हणून त्यांचा उल्लेख होतो. तोवर अशा मालिकांत काळा चेहरा दिसलाच तर दार उघडायला किंवा ट्रे ठेवायला. इथे त्या व्यक्तिरेखेला नाव, आडनाव, नोकरी आणि स्वतःच्या भानगडी होत्या.

या कामाचा एक रोकडा फायदाही झाला. मालिकेचा पगार दरमहा येत होता, त्यामुळे प्रायोगिक नाटकात बिनापैशाचं किंवा नाममात्र मानधनावर काम करणं परवडत होतं. मराठी रंगभूमीवरच्या मंडळींना हे गणित समजावून सांगायची गरज नाही.

विनेट कॅरल कोण आणि दोघींचं कसं जुळलं?

हा या साऱ्या कथेतला कळीचा प्रश्न. विनेट कॅरल या दिग्दर्शिका. शिक्षणाने मानसशास्त्रज्ञ, त्या क्षेत्रात नोकरीही केलेली. मग अभिनय, मग दिग्दर्शन. लँग्स्टन ह्यूज यांचं 'ब्लॅक नेटिव्हिटी' त्यांनी १९६१ मध्ये बसवलं होतं. १९६७ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमध्ये 'अर्बन आर्ट्स कोअर' ही संस्था उभी केली. ज्यांना नाट्यशिक्षणाची फी परवडत नाही आणि ज्यांच्यासाठी व्यावसायिक रंगभूमीवर भूमिकाच लिहिल्या जात नाहीत, अशा काळ्या आणि पोर्तो रिकन मुलामुलींना तयार करायचं, हा हेतू.

संस्थेत नट होते, नर्तक होते, गाणारे तर होतेच होते. वानवा होती ती संहितांची. ती जागा ग्रँट यांनी भरली. कॅरल कल्पना मांडायच्या, तालमीत प्रसंग उभा राहायचा, ग्रँट गाणं आणायच्या. आयर्विन शॉ यांच्या 'बरी द डेड' या युद्धविरोधी नाटकावरून संगीतिका केली, कॅरिबियन लोककथेवरून एक केली, मुलांसाठी केली. लेखक घरी बसून लिहितोय आणि संहिता टपालाने पाठवतोय असा हा कारभार नव्हता. तालमीच्या खोलीतच चाल बदलायची, कारण समोरच्या मुलीचा आवाज अमुक पट्टीवर फुटतोय हे दिसायचं.

कॅरल आणि ग्रँट या दोघींच्याही मागे ह्यूज यांची गॉस्पेल-नाट्याची परंपरा उभी होती. 'ब्लॅक नेटिव्हिटी'त गाणारे अ‍ॅलेक्स ब्रॅडफर्ड पुढे 'आय कान्ट कोप'मध्ये ग्रँट यांच्या शेजारी उभे राहून गायले. घराणं म्हणतात ते असंच तयार होत असावं.

'डोन्ट बॉदर मी, आय कान्ट कोप'ची गोष्ट काय आहे?

गोष्ट नाही. नायक-नायिका नाहीत, सुरुवात-मध्य-शेवट नाही. गाणी, नाच आणि मधलं थोडं बोलणं, असा हा बाज. रेव्ह्यू म्हणतात तो प्रकार. शहरातलं काळ्या माणसाचं रोजचं जिणं हाच विषय. भाडं, नोकरी, गर्दी, प्रेम, चर्च, व्हिएतनामचं युद्ध, आणि या सगळ्याचा एकत्र होणारा डोक्याला ताप. गॉस्पेल, ब्लूज, कॅलिप्सो, जॅझ, रॉक, सगळ्या तऱ्हेचं संगीत एका रात्रीत.

१९७० मध्ये अर्बन आर्ट्स कोअरच्या छोट्या जागेत सुरुवात झाली. मग वॉशिंग्टनच्या फोर्ड्स थिएटरसारख्या ठिकाणी प्रयोग झाले. हेच ते थिएटर जिथे लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली. तिथे काळ्या कलावंतांचा संच 'झेपत नाही' म्हणून गातोय, ही गोष्ट प्रेक्षकांच्या लक्षात आली नसेल असं वाटत नाही. १९ एप्रिल १९७२ रोजी ब्रॉडवेवर प्लेहाउस थिएटरमध्ये पडदा उघडला, नंतर मुक्काम एडिसन थिएटरला हलला आणि १९७४ च्या ऑक्टोबरपर्यंत एकूण १०६५ प्रयोग झाले. नृत्यदिग्दर्शन जॉर्ज फेझन यांचं. पुढे 'द विझ' या संगीतिकेसाठी टोनी, म्हणजे ब्रॉडवेचा सर्वोच्च पुरस्कार, घेणारे तेच. ग्रँट स्वतः कलाकारांत होत्याच.

'पहिली स्त्री' म्हणून जो विक्रम सांगतात तो नेमका काय?

ब्रॉडवेच्या संगीतिकेचे शब्द आणि संगीत दोन्ही एकटीने लिहिणारी पहिली स्त्री, असा त्यांचा उल्लेख सर्रास केला जातो. संहिताही त्यांचीच. शिवाय याच नाटकाने विनेट कॅरल ब्रॉडवेवर दिग्दर्शन करणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या. दोन 'पहिल्या' एकाच पोस्टरवर.

एक खबरदारी घ्यावी. त्यांच्या आधी ब्रॉडवेवर बायका लिहीत नव्हत्या असा याचा अर्थ नाही. डोरोथी फील्ड्स गीतकार म्हणून कित्येक वर्षं गाजत होत्या, मेरी रॉजर्स यांनी चाली दिल्या होत्या, अ‍ॅन कॉल्डवेल यांनी तर त्याही आधी ढिगाने संगीतिका लिहिल्या. पण तिथे शब्द एकाचे आणि सूर दुसऱ्याचे अशी वाटणी असे, आणि सुरांची बाजू बहुतेक वेळा पुरुषाकडे.

आपल्याकडे तर नाटककारच पदं लिहायचा. मग याचं एवढं कौतुक कशाला?

रास्त प्रश्न. किर्लोस्कर, देवल, खाडिलकर, सगळ्यांनी संवादही लिहिले आणि पदंही. आपल्याला त्यात नवल वाटत नाही. पण चालींचं काय? 'मानापमान'ला चाली गोविंदराव टेंबे यांच्या, 'स्वयंवर'ला भास्करबुवा बखले यांच्या. म्हणजे शब्द एकाच्या हातात असले तरी सूर दुसऱ्याच्या ताब्यात, ही विभागणी आपल्याकडेही होती. ब्रॉडवेवर तर संवाद, गीतं आणि संगीत ही तीन वेगळी खाती, तीन वेगळे मानकरी, तीन वेगळे हिशेब.

आणि बाईने लिहिण्याबद्दल म्हणाल, तर हिराबाई पेडणेकर आठवा. गायिका, 'जयद्रथ विडंबन' आणि 'संगीत दामिनी'च्या लेखिका. पदांसह नाटक लिहिणारी ही बाई आपल्याकडे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात होती. तिच्या वाट्याला काय आलं हे तिच्या आयुष्यावर बेतलेलं 'कस्तुरीमृग' हे नाटक पाहिलेल्यांना ठाऊक आहे.

टोनी मिळालं का?

नाही. १९७३ च्या टोनीला सर्वोत्कृष्ट संगीतिका, संहिता आणि संगीत अशी नामांकनं होती, पण त्या वर्षी समोर 'अ लिटल नाइट म्युझिक' आणि 'पिपिन' उभी होती. सॉण्डहाइम यांच्यासमोर हरणं यात कमीपणा नाही. ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी मात्र मिळालं. ओबी आणि ड्रामा डेस्क हे नाट्यपुरस्कारही मिळाले.

हे नाटक फारच सौम्य होतं, अशी टीका झाली. त्यात तथ्य आहे?

काळ बघा. ब्लॅक पॉवरची, काळ्यांच्या हाती सत्ता देण्याची, घोषणा घुमत होती. कवी-नाटककार अमिरी बराका आणि त्यांच्या परंपरेतली मंडळी रंगभूमीकडून आग मागत होती. १९७१ मध्ये मेल्विन व्हॅन पीबल्स यांचं 'एन्ट सपोज्ड टू डाय अ नॅचरल डेथ' ब्रॉडवेवर आलं होतं आणि ते प्रेक्षकांना थेट शिव्याशाप देत होतं. त्याच्यापाठोपाठ ग्रँट यांची हसती-नाचती मंडळी आली. साहजिकच काहींना हे गोऱ्या प्रेक्षकांना चुचकारणं वाटलं.

माझं मत उलट आहे. सौम्यपणा आहे तो आवाजात, मुद्द्यात नाही. त्यातल्या एका गाण्याचं नावच 'इट टेक्स अ होल लॉट ऑफ ह्यूमन फीलिंग'. माणूस म्हणून जगायला फार माणुसकी लागते, एवढंच म्हणणं. वरवर पाहिलं तर भाबडं. पण ज्यांना माणूस मानायलाच समाज तयार नव्हता, त्यांनी माणुसकीचा दर इतरांपेक्षा जास्त ठेवावा, यात एक मस्ती आहे. शीर्षकातच बघा, तक्रारदाराची भाषा आहे, उपदेशकाची नाही. 'झेपत नाही' म्हणणारा माणूस कामाला जातोच आहे.

तरी टीकेत एक खरी गोष्ट आहेच. गोष्टीचा कणा नसल्याने रेव्ह्यू प्रेक्षकाला फार खोल नेत नाही. गाणं संपलं की पुढचं गाणं. एखादी व्यक्तिरेखा मनात घर करेपर्यंत ती विंगेत गेलेली असते. ही कमतरता ग्रँट यांनी पुढच्या कामात कशी भरून काढली, ते पुढच्या उत्तरात पाहा.

त्यांचं सगळ्यात चांगलं गाणं कोणतं?

यावर भांडणं होतात. मी 'वर्किंग'मधल्या 'क्लीनिन विमेन'च्या बाजूने उभा आहे.

'वर्किंग' ही १९७८ ची संगीतिका, स्टड्स टर्केल यांच्या त्याच नावाच्या पुस्तकावरून. टर्केल यांनी अमेरिकाभर फिरून सामान्य माणसांना त्यांच्या कामाबद्दल बोलतं केलं होतं. गवंडी, वेट्रेस, टेलिफोन ऑपरेटर, ट्रकचालक. स्टीव्हन श्वार्त्झ यांनी त्यातून रंगमंचीय रूप तयार केलं आणि गाणी वेगवेगळ्या गीतकारांकडून घेतली. जेम्स टेलर, क्रेग कार्नेलिया, मेरी रॉजर्स आणि सुझन बर्कनहेड, स्वतः श्वार्त्झ आणि मिकी ग्रँट. ब्रॉडवेवर तीन आठवडेसुद्धा धड चाललं नाही, चोवीस-पंचवीस प्रयोगांत आटोपलं. पण शाळा-कॉलेजांत आणि छोट्या नाट्यगृहांत ते आजवर जिवंत आहे.

'क्लीनिन विमेन' गाते ती घरकाम करणारी बाई. मूळ संचात लिन थिगपेन यांनी ती केली. तिची आई हेच करायची, आजी हेच करायची. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांच्या घरांतली फरशी. आणि गाण्याचा सगळा जोर कशावर आहे, तर तिची मुलगी हे करणार नाही यावर. आता हा विषय कुणाच्याही हातात रडका होऊ शकतो. ग्रँट यांनी गाण्याला दिलेली लय मात्र रडण्याची नाही, कंबर कसण्याची आहे. ठेका पुढे रेटत नेतो. बाई स्वतःची कीव करत नाही, हिशेब मांडते. आजी, आई, मी, बस्स, खातं बंद.

अभिनेत्रीने लिहिलेलं गाणं म्हणजे काय, ते इथे समजतं. वाक्यं श्वासाच्या मापाची आहेत. गाणारीला कुठे थांबायचं, कुठे प्रेक्षकांकडे वळायचं, कुठे हात पुसायचे, हे शब्दांतच लिहिलेलं आहे. दिग्दर्शकाने फारसं काही न सांगता नटी गाणं उभं करू शकते.

त्याच नाटकातलं 'लव्हिन अल' हेही त्यांचंच. अल हा पार्किंगमधला माणूस. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या लावल्या, पण एका झटक्यात, एका वळणात गाडी नेमक्या जागी बसवायची ही त्याची ख्याती. गुलाबी नाड्यांच्या त्या पोराची आठवण होते का बघा. इथेही माणूस त्याच्या ऐटीतून उभा राहतो. फरक इतकाच की आता त्या ऐटीच्या मागे अख्खं आयुष्य दिसतं. आणि 'इफ आय कुड हॅव बीन' हे समूहगीत, काय काय होऊ शकलो असतो याचं. गोष्टीचा कणा रेव्ह्यूत नव्हता, तो टर्केल यांच्या माणसांनी दिला. 'वर्किंग'च्या सहा गीतकार-संगीतकारांना मिळून टोनीचं नामांकन मिळालं.

'युअर आर्म्स टू शॉर्ट टू बॉक्स विथ गॉड' त्यांचंच ना?

पूर्णपणे नाही. कल्पना आणि दिग्दर्शन कॅरल यांचं, मुख्य गीत-संगीत अ‍ॅलेक्स ब्रॅडफर्ड यांचं, ग्रँट यांची त्यात जास्तीची गाणी. मॅथ्यूच्या शुभवर्तमानावर आधारलेली ही गॉस्पेल संगीतिका आधी इटलीच्या स्पोलेटो महोत्सवासाठी झाली, मग डिसेंबर १९७६ मध्ये ब्रॉडवेवर आली. डेलोरेस हॉल यांना त्यातल्या कामासाठी टोनी मिळालं. पुढच्या पुनरुज्जीवनांत जेनिफर हॉलिडे, पॅटी लाबेल, अल ग्रीन अशी नावं येऊन गेली.

अशा वाटून घेतलेल्या कामांमुळेच ग्रँट यांचं नाव नीट जमा होत नाही. इथे 'अधिक गीतं', तिथे 'सहांपैकी एक', १९७४ च्या 'द प्रॉडिगल सिस्टर'मध्ये संहिता जे. ई. फ्रँकलिन यांची आणि संगीत यांचं. माणूस सगळीकडे आहे, पण पोस्टरवर वरच्या ओळीत क्वचित.

अपयश आलं नाही का?

आलं, आणि दणकून. 'इट्स सो नाइस टू बी सिव्हिलाइज्ड' ही पुन्हा संपूर्ण त्यांची संगीतिका. आधी रोझेटा लनॉयर यांच्या अमास संस्थेत झाली. 'टँबरिन्स टू ग्लोरी'मध्ये दोघी एकत्र होत्या, तिथली ही ओळख. १९८० च्या जूनमध्ये ब्रॉडवेवर नेली आणि आठ प्रयोगांत उतरली. छोट्या जागेत, प्रेक्षकांच्या गुडघ्याला गुडघा लावून रंगणारी वस्तीची गाणी हजारांवर आसनांच्या थिएटरात नेली की हरवतात, हे आपण मुंबईतही पाहिलेलं आहे. यानंतर ब्रॉडवेवर स्वतःची नवी संगीतिका त्यांना मिळाली नाही.

मग पुढे काय केलं?

कामच केलं. गुलामगिरीतून आलेल्या कवयित्री फिलिस व्हीटली यांच्यावरच्या संगीतिकेची गाणी केली. शेंगदाण्यावर संशोधन करणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांच्यावर मुलांसाठी संगीतिका केली. आणि अभिनय. 'हॅविंग अवर से' हे दिलेनी भगिनींचं नाटक. दोघीही शंभरी ओलांडलेल्या, दोघीही शिकलेल्या, एक शिक्षिका आणि एक दंतवैद्य, आणि स्वयंपाक करता करता अख्ख्या शतकाची हकिकत सांगणाऱ्या. ग्रँट त्यातल्या थोरल्या सेडी. लिझन मिशेल धाकट्या बेसी. या दौऱ्यासाठी ग्रँट यांना वॉशिंग्टनचा हेलन हेज पुरस्कार मिळाला.

दुसऱ्याची संहिता, दुसऱ्याचे शब्द, आणि तरी तिथे त्या अगदी घरच्यासारख्या वावरल्या. अभिनय कधीच सोडला नाही, असं सुरुवातीला म्हटलं ते यासाठीच.

त्या विस्मरणात का गेल्या?

रंग आणि लिंग, ही दोन कारणं सगळे सांगतात आणि ती खरीच आहेत. त्यात दोन धंद्याची कारणंही मिळवा. पहिलं, रेव्ह्यू हा प्रकार पुन्हा उभा करायला अवघड. कथा असली की नवा दिग्दर्शक तिचा नवा अर्थ लावू शकतो. इथे सगळी भिस्त गाणाऱ्यांवर, आणि १९७२ चे संदर्भ आज समजावून सांगावे लागतात. दुसरं, कॅरल सत्तरच्या दशकानंतर न्यूयॉर्क सोडून फ्लोरिडाला गेल्या. ज्या संस्थेच्या तालमीत ही गाणी घडली तीच राहिली नाही, तर पुढची पिढी ती शिकणार कुणाकडून? शिष्य तयार झाले नाहीत की बंदिश हरवते.

तरी अगदीच अंधार नाही. २०१२ मध्ये अमेरिकेच्या ड्रमॅटिस्ट्स गिल्डने त्यांना जीवनगौरव दिला. २०१८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क सिटी सेंटरच्या 'एन्कोअर्स! ऑफ-सेंटर' या नाट्यमालिकेत 'आय कान्ट कोप' पुन्हा झालं, दिग्दर्शन आणि नृत्य सॅव्हियन ग्लोव्हर यांचं. ग्रँट तेव्हा ८९ च्या होत्या.

ऐकायला सुरुवात कुठून करावी?

१९७२ ची मूळ संचाची ध्वनिमुद्रिका, पॉलिडॉर कंपनीची. ऑनलाइन ऐकायला मिळते. शीर्षकगीत पहिल्यांदा ऐका, मग 'क्वेश्चन्स', कारण त्यात त्यांचा स्वतःचा आवाज आहे. आवाज मोठा नाही, बोलता बोलता गाणारा आहे. त्यानंतर 'वर्किंग'च्या मुद्रिकेतली तिन्ही गाणी. 'पिंक शू लेसेस' शेवटी ठेवा, नाहीतर दिवसभर तेच डोक्यात वाजत राहतं.

मराठीत कुणी हे केलं आहे का? करता येईल का?

'आय कान्ट कोप' जसंच्या तसं आणण्यात अर्थ नाही. त्याचे संदर्भ, त्याचं चर्च, त्याचा ब्लूज हे सगळं तिथलं आहे आणि ते तिथेच शोभतं. पण 'वर्किंग'ची पद्धत, म्हणजे कामाच्या माणसांना त्यांच्या कामाबद्दल बोलतं करायचं आणि त्यांच्याच शब्दांतून गाणं काढायचं, ही कुठल्याही कॉलेजच्या नाट्यमंडळाला जमण्यासारखी आहे. 'वर्किंग' करायचं असेल तर हक्क घ्यावे लागतात, ते अमेरिकेतल्या परवाना देणाऱ्या कंपनीकडून मिळतात. आवृत्ती निवडताना मात्र पाहून घ्या. नंतरच्या सुधारित आवृत्तीत लिन-मॅन्युएल मिरांडा यांची नवी गाणी आली आहेत आणि जुन्यांचा क्रम बदलला आहे.